सीएचओ व्हायचंय, मग प्रवेश कशाला घ्यायचा?

प्रश्न : मी अकोले तालुक्यात आशा स्वयंसेविका आहे. मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून ५४ टक्क्यांनी पास झाली, नीटमध्ये गुण कमी पडले. आमच्या उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमचं काम पाहून तिला तेच करायचं आहे. शहरातली एक संस्था सामुदायिक आरोग्याचा एक वर्षाचा डिप्लोमा देते. फी ६५ हजार. डिप्लोमानंतर सीएचओ म्हणून सरकारी नेमणूक होते असं ते सांगतात. घ्यावा का? आमचा ओबीसीचा दाखला आहे.

उत्तर : ताई, पैसे भरू नका. या डिप्लोमावर तुमची मुलगी सीएचओच्या अर्जालाही पात्र ठरणार नाही. संस्थेला एकच विचारा : 'कोर्स झाल्यावर नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होते?' महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नाव आलं नाही, तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. 'सरकारमान्य', 'आयएसओ', 'दिल्ली बोर्ड' असले शब्द माहितीपत्रकात कितीही ठळक असले, तरी भरतीच्या कागदपत्र पडताळणीत कामाला येतात फक्त पदवी आणि नोंदणी.

हा घोळ का होतो तेही पाहा. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासाठी सहा महिन्यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम खरोखरच आहे. २०१८ मध्ये आयुष्मान भारतखाली उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली, त्यानंतर तो या पदासाठी चालवला जातो. (या केंद्रांनाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात.) पण तो बारावीनंतरचा कोर्स नाही. तिथे जाणाऱ्याकडे आधी आरोग्य क्षेत्रातली मान्य पदवी किंवा पदविका असावी लागते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी), बी.एस्सी. नर्सिंग आणि जीएनएम (परिचारिकेची पदविका) तिन्ही बसतात. आपल्या राज्याच्या भरतीत मात्र बीएएमएस, बीयूएमएस (युनानीची पदवी) आणि बी.एस्सी. नर्सिंग अशीच मागणी येत आली आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात सामुदायिक आरोग्याचा हा भाग मिसळलेला असल्यामुळे त्या तुकड्यांना सहा महिने वेगळे द्यावे लागत नाहीत. म्हणजे दार उघडतं ते पदवीने. खासगी संस्था नेमकं पदवीचंच नाव घेत नाहीत.

बीएएमएसला नीट लागते आणि साडेपाच वर्षं जातात. नीट पुन्हा द्यायची तयारी नसेल तर तो विषय सोडा. राहिली नर्सिंग.

एएनएम (सहायक परिचारिका प्रसाविका) दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांची. बी.एस्सी.ला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. तुम्ही कळवलेले ५४ टक्के एकूण गुणांचे असतील. मार्कलिस्टवरून या तीन विषयांची बेरीज वेगळी काढा. पुष्कळांची चूक तिथेच होते, मराठीने आणि इतर विषयांनी टक्के वर नेलेले असतात.

नीटचे गुण इथे चालणार नाहीत. राज्यात बी.एस्सी. नर्सिंगसाठी सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे. तीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल असे पाच भाग असतात. मुलीने ती दिली होती का, ते पत्रात नाही. दिली असेल तर कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्यांकडे लक्ष ठेवा आणि सरकारी महाविद्यालयं पसंतीक्रमात वर लिहा. दिली नसेल तर दोन वाटा उरतात, आणि दोन्हींचा हिशेब मजेशीर आहे. एक वर्ष थांबून सीईटी आणि मग चार वर्षं बी.एस्सी., म्हणजे पाच वर्षं. यंदाच जीएनएम करून पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे तीही पाचच.

मग निवड कशावर करायची? घरात तीन वर्षांनी पगार येणं गरजेचं असेल तर जीएनएम. त्यावर नोंदणी होते आणि अधिपरिचारिकेच्या (सरकारी रुग्णालयातल्या स्टाफ नर्सच्या) सरळसेवा परीक्षेला बसता येतं. ते पद कायम असून वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० आहे. ओढाताण थोडी सोसता येत असेल आणि मुलगी वर्षभर खरोखर अभ्यासाला बसणार असेल, तर थेट बी.एस्सी. घ्यावं असं माझं मत. नोकरी लागल्यावर पुन्हा दोन वर्षं पूर्णवेळ शिकायला बाहेर पडणं बोलायला सोपं असतं, लग्न आणि हप्ते आडवे आले की राहून जातं. एएनएम वाईट नाही. जिल्हा परिषदेची आरोग्यसेविका हे कायम पद त्यावरच मिळतं, श्रेणी २५,५०० ते ८१,१००. पण तिथून सीएचओपर्यंतची वाट फार लांब पडते.

महाविद्यालय पाहताना इमारत बघून भुलू नका. बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न यादीत नाव हवं, जीएनएम असेल तर राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाच्या यादीत, आणि दोन्हीकडे भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता चालू वर्षाची हवी. नंतर तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा. वॉर्डची ड्यूटी कोणत्या रुग्णालयात लागते? तिथे १०० खाटा आहेत का, आणि त्यांवर रुग्ण असतात का? प्राथमिक आरोग्य केंद्रातली पोस्टिंग खरोखर होते की फक्त वहीवर सह्या होतात? जिने प्रसूती पुस्तकातच पाहिली, तिची अडचण उपकेंद्रात पहिल्याच रात्री कळते.

फीचं पाहा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर ती गेली. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. सवलत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. वसतिगृह, मेस, गणवेश यांचा खर्च तुम्हालाच बघावा लागेल. कागदांत अडतं ते बहुधा एकाच ठिकाणी : जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, आणि समितीकडून वैधता येईपर्यंत फेरी संपते. नॉन-क्रीमिलेअर चालू मुदतीचं ठेवा.

आता कामाविषयी. तुम्ही ते रोज पाहता, मुलीने मात्र खुर्चीच्या पलीकडचंही पाहावं. सपाट भागातलं उपकेंद्र ५,००० लोकसंख्येला, डोंगरी आणि आदिवासी भागातलं ३,००० ला. तिशीवरची माणसं साधारण ३७ टक्के धरतात. ५,००० च्या उपकेंद्रात ती सुमारे १,८५० भरतात. तुम्ही घरोघरी सी-बॅक फॉर्म (आजारांचा धोका गुणांत मोजणारा) भरता. ४ च्या वर गुण आलेल्यांना आधी बोलवायचं. रक्तदाब आणि साखर सीएचओने तपासायची. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही त्यातच. १४०/९० किंवा त्याहून जास्त रक्तदाब निघाला तर पुन्हा मोजून वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचं, आणि गोळ्या सुरू झाल्या की दर महिन्याला तो माणूस परत येतो का ते बघायचं.

कस लागतो तो इथे. तपासणीचा आकडा शिबिरात भरून निघतो. पण बरं वाटतंय म्हणून तिसऱ्या महिन्यात गोळी सोडणाऱ्याला शोधायला आशा आणि सीएचओ यांचं पटावं लागतं. शिवाय प्रत्येक नोंद ॲपवर करायची, ई-संजीवनीवर डॉक्टरांशी रुग्णाचं बोलणं करून द्यायचं, आणि रेंज नसेल तर संध्याकाळी घरी बसून नोंदी पूर्ण करायच्या. जन आरोग्य समितीत सरपंच अध्यक्ष आणि सीएचओ सदस्य सचिव असतो. वर्षाला ५० हजारांचा अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी येतो. एका साध्या पावतीवरून लेखापरीक्षणात अडकायला वेळ लागत नाही, म्हणून ठराव आणि बिलं पहिल्या दिवसापासून फाइलला लावायची सवय लागते.

पगार ४० हजार असं सगळीकडे सांगितलं जातं. त्यातले २५ हजार मानधन, उरलेले १५ हजारांपर्यंत कामावर आधारित मोबदला. हा मोबदला कामाचे निर्देशांक तपासल्यावर मिळतो, कधी कमी आणि बहुतेकदा उशिरा. घराचा हिशेब २५ हजारांवरच धरा. नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानाची, कंत्राटी, ११ महिने २९ दिवसांची. दहा वर्षं झालेल्यांच्या समायोजनाचा (कायम सेवेत सामावून घेण्याचा) निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, पण त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना संपावर जावं लागलं, यावरून काय ते समजा. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला बंधपत्र लागतं. किती वर्षं सेवा आणि सोडल्यास किती रक्कम, हे सही करण्याआधी वाचा. सीएचओ म्हणून काम करतानाही तिने अधिपरिचारिकेच्या जाहिराती सोडू नयेत.

सुट्टीत तिला लसीकरणाच्या दिवशी तुमच्याबरोबर उपकेंद्रात बसवा, मॅडमची परवानगी घेऊन. दिवसभरात तिला नोंदींचा कंटाळा आला तर आत्ताच कळेल. आणि जात वैधतेची फाइल या आठवड्यातच टाका. कॉलेजच्या सही-शिक्क्याचा अर्ज लागेल, तोवर बारावीच्या कॉलेजातून तिचा शाळा सोडल्याचा दाखला काढू नका.