विमानंच ना ती, मग उडवून का नाही नेली?

गेल्या अंकात टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टन बेटावर तेव्हा असलेल्या (आता ते ह्यूस्टनला आहे) लोन स्टार फ्लाइट म्युझियमबद्दल मी चारच ओळी लिहिल्या होत्या, की 2008 च्या आयक हरिकेनमध्ये तिथल्या हँगरमध्ये सात-आठ फूट खारं पाणी शिरलं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांची वाट लागली. चार ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एकाने तर चक्क शिव्या घातल्यात, त्याही घेतल्यात खाली. या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला, फक्त हेच.

प्रश्न: मुलाकडे ह्यूस्टनला तीन महिने राहून आले. नातवाला घेऊन एलिंग्टन विमानतळावरचं हे म्युझियम बघितलं, फार छान आहे. पण तुमचं वाचून एक भाबडा प्रश्न पडला. वादळ येणार हे चार दिवस आधी कळलं होतं ना? मग विमानंच ना ती, उडवून न्यायची की! — एक आजी, कोथरूड

आजी, अजिबात भाबडा नाहीये प्रश्न. उडणारी नेलीच होती. या म्युझियमची खासियतच ती, की बी-17, बी-25 असली जुनी बॉम्बर तिथे नुसती पुसून ठेवलेली नसायची, चालू स्थितीत असायची, आणि अशी विमानं वादळाआधी बेटावरून निघून गेली. अडकली ती बाकीची.

म्युझियममधलं विमान म्हणजे सोसायटीच्या पार्किंगमधली गाडी नव्हे हो. एकाचं इंजिन उतरवून स्टँडवर ठेवलेलं असतं, एकाचे पंख काढलेले, एकाचा पार्ट यायचाय म्हणून दोन वर्षं तसंच उभं, आणि काही तर फक्त बघायलाच असतात, त्यांच्या टाकीत कित्येक वर्षांत पेट्रोल पडलेलं नसतं. शिवाय ही जुनी विमानं चालवायला त्या त्या विमानाचा हात बसलेला पायलट लागतो, अशी माणसं मोजकी, आणि त्यांचीही घरं तिथेच कुठेतरी, त्यांनाही सामान बांधून बायकापोरांना बाहेर काढायचं असतं. हे फक्त जुन्या विमानांचं असतं असंही नाही. 2018 साली फ्लोरिडात टिंडल हवाई तळावर मायकल वादळ आलं तेव्हा अमेरिकन हवाई दलाची काही एफ-22, म्हणजे जगातली सगळ्यात महागड्यांपैकी लढाऊ विमानं, दुरुस्तीत होती म्हणून हँगरमध्येच राहिली आणि वादळाने हँगरचं छप्पर फाडलं.

आता आयकचं. वाऱ्याच्या हिशोबाने ते पाचापैकी फक्त कॅटेगरी दोन होतं, ताशी 175 किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे दोनच तर आहे असं वाटून बरेच जण घरात बसून राहिले. पण आयकचा घेर प्रचंड मोठा होता आणि पाणी किती येणार हे कॅटेगरीवरून कळत नाही. वादळाचा डोळा बेटाला लागला 13 सप्टेंबर 2008 ला पहाटे दोन वाजून गेल्यावर, आणि पाणी? ते आदल्या दिवशी सकाळीच रस्त्यावर होतं, डोळा अजून शेकडो किलोमीटर लांब असताना. किनाऱ्याला समांतर वारा तासन्‌तास वाहत राहिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी उजव्या हाताला सरकतं, आणि तिथे उजव्या हाताला होता टेक्सासचा किनारा. म्हणजे ज्याने ठरवलं होतं की उद्या दुपारी बघू, त्याचा रस्ता सकाळीच बंद.

आणि समुद्राच्या बाजूला 17 फुटी भिंत आहे त्यांची! 1900 च्या सप्टेंबरात तिथे जे वादळ झालं त्यात कमीत कमी सहा हजार माणसं गेली, अमेरिकेतली आजवरची सगळ्यात जीवघेणी नैसर्गिक आपत्ती ती, त्यानंतर ही भिंत बांधली, गावाची जमीनसुद्धा वाळू भरून उचलली. पण आयकचं बरंचसं पाणी आलं मागून, खाडीच्या बाजूने, जिथे भिंत नाही. म्युझियम ज्या विमानतळावर होतं तो तिकडेच, समुद्रसपाटीपासून सहा फुटांवर. पुढच्या दाराला तीन कड्या आणि मागचं दार उघडं, असं झालं ते.

प्रश्न: साहेब, माझं दुचाकीचं गॅरेज आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात डोक्याच्या वर होतं. 14 गाड्या बुडाल्या, त्यातल्या 11 मी चालू करून दिल्या, प्लग काढून पाणी काढलं, ऑइल तीन-तीनदा बदललं. मग एवढ्या मोठ्या देशात विमान का नाही चालू करता येत? — एक मेकॅनिक, चिपळूण

14 पैकी 11 म्हणजे दादा तुम्हाला आधी नमस्कार. पहिल्यांदा ऑइल काढल्यावर ते दुधाच्या चहासारखं निघालं असेल ना? आणि तुम्ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बरोबर केलीत, पाणी काढायच्या आधी स्टार्टर मारला नाहीत.

फरक दोन. पहिला, तुमच्याकडे चिखल होता आणि त्यांच्याकडे मीठ. चिखल धुतला की गेला, मीठ जात नाही, ते फटीत बसतं, आणि विमान म्हणजे नुसत्या फटीच. हजारो रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, आणि पत्र्यावर पत्रा. त्यात तो पत्रा शुद्ध अॅल्युमिनियमचा नसतो, त्यात चार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं ताकदीसाठी, आणि त्याच तांब्यामुळे मिठाचं पाणी लागलं की तो आतून सडतो. वरून शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो खरा, पण रिव्हेटच्या भोकापाशी तो कापलेलाच असतो. शेजारी पोलादी बोल्ट. दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी म्हणजे काय तयार झालं? बॅटरी. ती बॅटरी पाणी उतरल्यावरही हवेतल्या दमटपणावर महिनोन्‌महिने चालूच राहते. चाकांमध्ये, काही केसिंगमध्ये मॅग्नेशियम असतं, त्याचं तर विचारू नका, पांढरी भुकटी होते. आणि चाकं सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात आधी बुडणार आणि सगळ्यात शेवटी बाहेर येणार.

मी नोकरीत असताना किनाऱ्याजवळच्या एका हँगरमधलं विमान तपासलं होतं, ते बुडालेलं नव्हतं बरं का, नुसत्या खाऱ्या वाऱ्यात उभं होतं. बाहेरून रंग चकचकीत. आम्ही रुपयाच्या नाण्याने पंखावर टकटक करत जायचो, चांगल्या पत्र्याचा खणखण आवाज येतो, तर एका जागी बद्द आवाज आला. तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटून हातात आले, एकाखाली एक. त्या दिवसानंतर चकचकीत रंगावर माझा विश्वास नाही. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं विमान म्युझियम आहे, तिथलं सुपर कॉन्स्टेलेशन नावाचं जुनं विमान उघड्यावर उभं आहे, समुद्र जवळच. कधी गेलात तर लांबून बघून येऊ नका, जवळ जाऊन रिव्हेटच्या रांगा बघा, मी काय म्हणतोय ते कळेल.

खरं तर खाऱ्या पाण्यातून निघालेल्या यंत्राला वाळूच द्यायचं नसतं. लगेच गोड्या पाण्याने धुवायचं, पुन्हा धुवायचं, मग तेल मारायचं. पण गॅल्व्हेस्टनला वादळानंतर ना वीज ना नळाला पाणी, आणि सामान्य रहिवाशांना तर 24 सप्टेंबरपर्यंत राहायला परत येऊ दिलं नव्हतं. टेक्सासचं सप्टेंबरातलं ऊन! अकरा दिवसांत काय व्हायचं ते होतं.

दुसरा फरक साधा आहे. तुम्ही चालू करून दिलेली बाइक पुलावर बंद पडली तर गिऱ्हाईक तुम्हाला दोन शिव्या देईल आणि ढकलत आणेल. विमान ढकलत आणता येत नाही. म्हणून बुडालेल्या विमानाचा सांधा न्‌ सांधा उघडून बघावा लागतो आणि तो खर्च कित्येकदा विमानाच्या किमतीच्या वर जातो.

एक राहिलंच. लोकांना वाटतं विमान बुडतं. आधी ते तरंगतं, पंख पोकळ, टाक्या रिकाम्या. हँगरमध्ये तरंगत एकमेकांवर आपटतं, आणि पाणी उतरलं की खाली जे सापडेल त्यावर बसतं, टेबल म्हणा, शिडी म्हणा, दुसऱ्या विमानाचा पंख म्हणा.

प्रश्न: इन्शुरन्स नव्हता का? अमेरिकेत तर सगळ्याचा असतो म्हणे. — बी.कॉम.ची विद्यार्थिनी, नागपूर

असतो, पण तुकड्यातुकड्यांत. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर धरत नाहीत, पुराची सरकारी योजनेतली पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, टेक्सासच्या किनाऱ्यावर वाऱ्याची आणखी वेगळी. आता बोलिव्हारला, म्हणजे गॅल्व्हेस्टनच्या समोरच्या पट्टीवर, घरांचे नुसते खांब उरले होते, मग ते घर वाऱ्याने पाडलं की पाण्याने वाहून नेलं हे ठरवायचं कसं? वर्षानुवर्षं भांडणं चालली. आणि पुराच्या त्या सरकारी पॉलिसीत विमान मुळात बसतच नाही, त्याचा विमा निराळा. कॉमर्सला आहेस तर हे प्रकरण जरूर वाच, पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त शिकशील.

प्रश्न: वडील लोहगावला सहा नंबर स्क्वाड्रनमध्ये लिबरेटर विमानांवर फिटर होते. तसं एखादं विमान आता कुठे बघायला मिळेल? — निवृत्त शिक्षक, पुणे

दिल्लीत पालमच्या हवाई दल म्युझियममध्ये आहे. आणि गंमत म्हणजे अमेरिका, ब्रिटन, कॅनडाच्या म्युझियममध्ये आज जी मोजकी लिबरेटर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन बॉम्बर, उभी आहेत त्यातली बरीचशी आपल्याकडूनच गेलीत. युद्ध संपल्यावर कानपूरला ती भंगारात काढली होती, पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून मोडतोडसुद्धा केली होती, तरी 1948 च्या सुमाराला एचएएलच्या, म्हणजे बंगळूरच्या विमान कारखान्याच्या लोकांनी त्यातली चाळीसएक जोडून उभी केली आणि आपल्या हवाई दलाने ती 1968 पर्यंत उडवली. चिपळूणच्या दादांनी हेही वाचा. मोडलेलं जोडता येतं. कानपूरला समुद्र नव्हता हे नशीब.

प्रश्न: 2019 ला आमच्या घरात कृष्णेचं पाणी नऊ दिवस होतं. माणसांची घरं जातात आणि तुम्ही बॉम्ब टाकणाऱ्या जुन्या विमानांसाठी गळा काढताय? लाज वाटायला पाहिजे. — एक वाचक, सांगली

तुमचा राग मान्य. नऊ दिवस पाणी म्हणजे काय ते मला स्वतः अनुभवलेल्या दोन दिवसांच्या पाण्यावरून थोडंफार कळतं.

पण तिथे घरं आणि विमानं अशी वेगळी माणसं नव्हती हो. असं म्युझियम चालतं ते हौशी लोकांवर, कुणी रिटायर्ड मेकॅनिक, कुणी मास्तर, शनिवारी येऊन फुकटात रिव्हेट ठोकणारे. असा माणूस त्या सप्टेंबरात आधी स्वतःच्या घराच्या भिंती फोडत असतो. तिकडे भिंती जिप्समच्या बोर्डाच्या, पाणी जिथवर चढलं त्याच्याही वरपर्यंत कापून फेकाव्या लागतात, नाहीतर आत बुरशी धरते. गाद्या, फ्रिज, पोरांच्या वह्या सगळं रस्त्याच्या कडेला ढिगात. हे तुम्हाला काय सांगायचं. तुमच्या गल्लीतही तेच होतं.

गावाचं खूप गेलं. मोठं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल बुडालं, तिथल्या हजारो नोकऱ्या गेल्या. 2000 च्या जनगणनेत बेटाच्या शहरात 57,247 लोक होते, 2010 ला 47,743 उरले. नुसत्या वादळामुळे असं मी म्हणणार नाही, पण मोठा वाटा त्याचाच. वर्ष उलटलं तरी रस्त्याकडेच्या मोठमोठ्या ओक झाडांना पालवी फुटेना, मुळांत मीठ गेलेलं, शेवटी 40 हजारांच्या आसपास झाडं गेली. आधी 1900 चं वादळ झाल्यावर लावलेली झाडं होती त्यातली कित्येक.

म्युझियमने पुढे काय केलं, तर काही वर्षं तिथेच डागडुजी करून काढली आणि 2017 ला बेट सोडून ह्यूस्टनच्या एलिंग्टनला नवीन इमारतीत गेलं, तिथली उंची 32 फूट. सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडलं, म्हणजे हार्वे वादळाने ह्यूस्टन बुडवल्यावर लगेच. (स्थापना करणारे रॉबर्ट वॉल्ट्रिप यांचा मूळ धंदा अंत्यसंस्काराचा होता, अमेरिकेतली त्यातली सगळ्यात मोठी कंपनी त्यांची. जुनी विमानं जिवंत ठेवायची हौस अशा माणसाला असावी याची मला फार गंमत वाटते.) माझं मत विचाराल तर जायलाच हवं होतं, सहा फुटांवर पुन्हा तीच विमानं ठेवणं म्हणजे मूर्खपणा. पण आधीच दहा हजार माणसं कमी झालेल्या गावातून आणखी एक जागा उठून गेली, शनिवारी रिव्हेट ठोकायला जायची जागा, त्याचं गावाला वाईट वाटणारच, आणि तुम्हीसुद्धा सांगली सोडून उंचावर जा म्हटलं तर जाल का?

त्या वाळलेल्या ओकांचं मात्र लोकांनी झकास केलं. सगळी तोडली नाहीत, काहींचे बुंधे ठेवून त्यातून बगळे, डॉल्फिन, कुत्री कोरून घेतली, आजही घरांच्या अंगणात उभी आहेत.

कोथरूडच्या आजी, पुढच्या वेळी जाल तेव्हा एलिंग्टनवरून परत फिरू नका, गॅल्व्हेस्टन तिथून गाडीने तासाभराच्या आत आहे. जुन्या बाजारपेठेत, स्ट्रँड म्हणतात त्या रस्त्याला, इमारतींवर आयकचं पाणी कुठवर होतं त्याच्या खुणा लावल्यात. नातवाला खुणेखाली उभं करून एक फोटो काढा आणि मला पाठवा, बघू किती उंच झालाय तो.