आधी पिक्सेल समजून घे

डिझाइन शिकायला घेतलंस ना, मग शब्दांची लांबलचक यादी पाठ करत बसू नकोस. आधी रास्टर आणि व्हेक्टर यांतला फरक पक्का कर, निम्मे घोळ तिथेच होतात. फोटो म्हणजे रास्टर, पिक्सेलचा, म्हणजे बारीक रंगीत ठिपक्यांचा बनलेला. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० पीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेलने छापलास तर कागदावर जेमतेम ४ इंच भरतो. तोच ओढून १२ इंच केलास की इंचाला १०० पिक्सेल उरतात आणि फोटो फाटतो, म्हणजे ठिपके दिसायला लागतात. सेटिंगमध्ये पीपीआयचा आकडा नुसता ७२ खोडून ३०० लिहिल्याने तपशील वाढत नाही, हे क्लायंटला तुलाच समजवावं लागेल. लोगो मात्र व्हेक्टरमध्येच कर. त्यातल्या रेषा गणिताने आखलेल्या असतात, कितीही ताणा, धार जात नाही. वेबसाठी तो एसव्हीजी या व्हेक्टर फाइलच्या प्रकारात दे.

रंगांचं म्हणशील तर स्क्रीनला आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश), छपाईला सीएमवायके (निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई). स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा या चार शाईंत मंदच उतरणार. छपाईच्या फाइलला चारी बाजूंनी साधारण ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग ठेव, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते.

कर्निंग आणि ट्रॅकिंगमध्ये भलेभले गोंधळतात. ठरावीक दोन अक्षरांमधलं अंतर ते कर्निंग, सगळ्या मजकुराचं सरसकट अंतर ते ट्रॅकिंग. देवनागरीत ट्रॅकिंग वाढवूच नकोस, शिरोरेषा तुटते आणि मजकूर दात पडल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर म्हणजे लीडिंग. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, त्यासाठी लाइन-हाइट वापरतात, आणि वेलांट्या-उकारांमुळे मराठीला ते जरा सढळच लागतं.