वाचक विचारतात : व्हॉलीबॉलची सर्व्हिस नेटमध्येच का जाते?

प्रश्न : मी नववीत आहे. वरून सर्व्हिस मारते, पण दहातले सहा-सात बॉल नेटमध्ये जातात. सगळे म्हणतात जोर कमी पडतो. हाताची ताकद कशी वाढवू? (विद्यार्थिनी, अमळनेर तालुका)

उत्तर : ताकदीचं नंतर बघू. बॉलचं वजन 260 ते 280 ग्रॅम असतं. तो 9 मीटरवरच्या नेटपलीकडे घालवायला नववीतल्या मुलीचा हात सहसा पुरतो. आधी डावा हात तपास, कारण बहुतेक सर्व्हिस टॉसमध्येच, म्हणजे डाव्या हाताने बॉल वर उडवतानाच, बिघडते.

डावा पाय पुढे ठेव, बोटं नेटकडे. उजवा पाय खांद्याएवढं अंतर सोडून मागे. बॉल डाव्या तळहातावर, उजव्या खांद्याच्या समोर धर. उजवं कोपर टॉसच्या आधीच मागे, कानाच्या उंचीला आणून ठेव. बॉल वर गेल्यावर हात मागे न्यायला निघालीस तर उशीर होतो, आणि बॉल खाली आलेला असताना फटका बसतो. आता डावा हात कोपरात फारसा न वाकवता वर ने आणि डोळ्यांच्या उंचीला बॉल सोड. सोडताना बोटांनी फिरवू नकोस. तुझा उजवा हात पूर्ण वर केल्यावर जिथे पोचतो, त्याच्या जेमतेम वीतभर वर बॉल गेला की पुरे.

टॉस बरोबर आहे का, हे न मारताच कळतं. डाव्या पायाच्या अंगठ्यापुढे वीतभर अंतरावर, उजव्या खांद्याच्या रेषेत, फक्कीने ताटाएवढं वर्तुळ काढ. टॉस टाक आणि बॉल पडू दे. बॉलला लागलेली फक्कीच सांगेल तो कुठे पडला ते. वीसपैकी पंधरा टॉस वर्तुळात पडेपर्यंत मारायची घाई नको. बॉल फार पुढे पडत असेल तर तू त्याच्यामागे वाकतेस, हात वरून खाली ओढला जातो आणि बॉल नेटमध्ये. तुझं बहुधा हेच होत असावं. डोक्यामागे पडला तर कंबर मागे झुकते आणि बॉल उंच जाऊन शेवटच्या रेषेबाहेर. डावीकडे पडला तर अंग वाकतं आणि दिशा जाते.

मारताना वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर आण. हात सरळ, मनगट ताठ, आणि फटका तळहाताच्या मनगटाजवळच्या टणक भागाने, बॉलच्या मधोमध. बोटांवर बसला तर 'फट्' असा फुसका आवाज येतो, नीट बसला तर 'टप्'. कान लवकर ओळखायला लागतात.

अंतरही टप्प्याटप्प्याने वाढव. नेटपासून 6 मीटरवर उभी राहा. दहातले आठ पलीकडे गेले की एक पाऊल मागे. पहिल्याच दिवशी शेवटच्या रेषेवरून मारलं की अंग झोकून द्यायची सवय लागते, आणि ती मोडायला महिने जातात. दिवसाला चाळीस-पन्नास चांगल्या सर्व्हिस पुरेत. खांदा दुखला तर त्या दिवशी थांब.

प्रश्न : मुलगा 11 वर्षांचा आहे. त्याला थेट वरूनची सर्व्हिस शिकवावी का? (पालक, भुसावळ)

उत्तर : आधी खालूनची शिकवा. गुडघे थोडे वाकवून बॉल कमरेच्या उंचीला, उजव्या बाजूला धरायचा आणि उजवा हात झोक्यासारखा मागून पुढे आणायचा. नेमकं फटका बसण्याआधी बॉलखालचा हात काढून घ्यायचा. हातात धरलेल्या बॉलवर मारलं तर फाऊल होतो. मुलं बॉल हातभर उंच उडवतात, ते टाळा. मुठीने मारणं नियमात बसतं, पण बोटांचे सांधे उंचसखल असल्याने बॉल कुठेही जातो.

प्रश्न : आमच्या गावच्या संघात फ्लोटर (न फिरता हवेत डुलत जाणारी सर्व्हिस) मारतात, पण बॉल हलत नाही, सरळ जातो. मे-जूनच्या वाऱ्यात तर बाहेरच जातो. (वाचक, धुळे जिल्हा)

उत्तर : फ्लोटर हलतो तो फिरत नाही म्हणून. न फिरणाऱ्या बॉलभोवतीची हवा दोन्ही बाजूंनी सारखी सुटत नाही, त्यामुळे तो मध्येच डुलतो. मनगट वाकलं किंवा हात बॉलवरून घसरला की बॉल फिरतो आणि सरळ जातो. म्हणून फटका छोटा ठेवा आणि हात तिथेच थांबवा.

आपल्याकडे बॉलमधली हवाही बघावी लागते. दाब 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवा. सकाळी नेमकी भरलेली हवा दुपारच्या 44-45 अंशांत फुगते, बॉल दगडासारखा कडक होतो आणि हातावरून उसळून लांब जातो. सामन्याआधी दाब पुन्हा तपासा आणि बॉल सावलीत ठेवा. वारं सुटलं असेल तर टॉस आणखी बुटका ठेवा. पाठीमागून वारा असेल तेव्हा जोर कमी करून नेट जेमतेम ओलांडेल असा मारा. समोरून असेल तेव्हा फ्लोटर जास्त डुलतो, तेव्हा न घाबरता मारा. नाणेफेक जिंकली तर सर्व्हिसऐवजी बाजूही मागता येते, हे कर्णधाराने लक्षात ठेवावं.

प्रश्न : नेटला लागून पलीकडे पडलेली सर्व्हिस फाऊल का? (वाचक, शहादा)

उत्तर : नाही, खेळ चालू राहतो. गावच्या सामन्यांत जुन्या समजुतीने अजून शिट्टी वाजते, पण तो नियम केव्हाच बदलला. फाऊल होतो तो मारताना पाय शेवटच्या रेषेवर असला तर. नुसता अंगठा टेकला तरी होतो. उडी मारून सर्व्हिस करणाऱ्याने रेषेमागून उडी घ्यायची, मग तो मैदानात उतरला तरी चालतं. पंचांच्या शिट्टीनंतर 8 सेकंदांत मारायचं आणि टॉस एकदाच. टॉस वाकडा गेला म्हणून बॉल खाली पडू दिला तरी सर्व्हिस गेली, पुन्हा संधी नाही.