देव प्रेमळ आहे, सर्वशक्तिमानही आहे, मग निष्पाप लेकराला असं मरण का? ख्रिस्ती श्रद्धेत याला काय उत्तर आहे?

तुमच्या मैत्रिणीची मुलगी आजारपणात गेली आणि चर्चच्या मंडळीतले लोक तिला "देवाची योजना असेल" असं सांगतायत, हे वाचून जीव तुटला. मी स्वतः ख्रिस्ती आहे, त्या श्रद्धेतूनच लिहितो.

नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे इच्छास्वातंत्र्य. देवाने माणसाला निवडीची मोकळीक दिली, माणसाने वाईट निवडलं. 1970च्या दशकात अमेरिकन तत्त्वज्ञ अ‍ॅल्विन प्लांटिंगा यांनी हा युक्तिवाद फार काटेकोर मांडला. खून, युद्ध, छळ यांच्यापुरता तो मला पटतो. पण रक्ताचा कर्करोग कुणी निवडत नाही. 1 नोव्हेंबर 1755 रोजी पोर्तुगालच्या लिस्बनमध्ये भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, चर्च माणसांनी भरलेली होती आणि प्रार्थनेला आलेल्यांवरच छतं कोसळली. मग समुद्र आत घुसला, आगी लागल्या. हे शहराच्या पापाचं फळ आहे, असं सांगणारे धर्मोपदेशक तेव्हाही निघालेच.

खुद्द येशूने मात्र ही भाषा धुडकावली आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं विचारून तो स्वतःच "नाही" म्हणतो (बायबल, लूक 13). जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? दोघांचंही नाही, असं तो सांगतो (योहान 9).

आणि बायबलमधला ईयोब, निर्दोष असून सगळं गमावलेला माणूस! दहा लेकरं एका दिवसात गेलेली, अंगभर फोड, राखेत बसून खापरीने अंग खाजवणारा बाप. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडल्यावर अलीफज, बिल्दद, सोफर तिघेही देवाची बाजू मांडत सुटले: तुझंच काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र देवाशी भांडत राहिला, जाब विचारत राहिला. शेवटी देव रागावतो तो या वकिलांवर. माझ्याविषयी ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो. दुःख का आलं, याचं कारण मात्र ईयोबालाही शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. ही गोष्ट आमच्या प्रवचनांतून फार चटकन उरकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

मग मी विश्वास कशावर ठेवतो? वधस्तंभावर. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा आक्रोश तिथे येशूच्या तोंडून निघतो. मी ज्याला देव मानतो, तोच हा प्रश्न विचारत मेला. त्याने लेकरं का मरतात हे कळत नाही, पण देव लांबून बघत बसलाय असं मला म्हणता येत नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. ती मुलगी देवाच्या हातून निसटलेली नाही, असं मी मनापासून मानतो. पण हे मी तिच्या आईला आज ऐकवणार नाही.

तिला राग येत असेल तर येऊ द्या, त्याला अविश्वास म्हणू नका. प्रार्थना करावीशी वाटली आणि शब्द सुचले नाहीत, तर स्तोत्र 88 काढून द्या. त्यात शेवटपर्यंत दिलासा नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, असं सांगणारं रोमकरांस 8:28 हे वचन मात्र तिने स्वतः विचारल्याशिवाय कुणी वाचून दाखवू नये. मंडळीतल्या लोकांना हे तुम्हीच सांगा, तिच्यावर सोडू नका.