हलक्या ड्रोनला नियम लागू होतात का?

प्रश्न : माझ्या ड्रोनचे वजन 250 ग्रॅमपेक्षा कमी आहे. तो कोठेही उडवता येतो, असे विक्रेता म्हणतो. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. वजन कमी असल्यास अनेक देशांत नोंदणी किंवा परवान्यातून काही सवलत मिळते. परंतु ती हवाई क्षेत्राच्या निर्बंधांतून मिळालेली सूट नव्हे. युरोपीय संघात तर कॅमेरा असलेला असा ड्रोन, खेळण्याच्या वर्गातील नसल्यास, उडवणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते.

विमानतळाच्या परिसराबाबत सर्वाधिक दक्षता घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. डिसेंबर 2018मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या केवळ वृत्तांमुळे धावपट्टी बंद ठेवावी लागली आणि सुमारे 1,000 उड्डाणांवर परिणाम झाला. अनेक देशांत सुमारे 120 मीटर ही उंचीची मर्यादा असते, ती याचसाठी की त्याहून वरचे आकाश प्रामुख्याने माणसे वाहून नेणाऱ्या विमानांचे असते. ड्रोन सतत नजरेच्या टप्प्यात ठेवावा. शेजाऱ्यांच्या खासगी आवाराचे चित्रीकरण हा स्वतंत्र कायदेशीर प्रश्न असून तेथे ड्रोनचे वजन गौण ठरते. उड्डाणापूर्वी नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा अद्ययावत नकाशा पाहावा.