चार खोल्या, चार एसी आणि मोडायला निघालेली एफडी

नागपूरच्या एका वाचकाचं पत्र आहे. स्वतःचं रो हाउस, वर थेट गच्ची. घरात नवरा-बायको, दहावीत जाणारी मुलगी आणि ७१ वर्षांच्या आई, त्यांना दमा. हातात येणारा पगार ८५ हजार. गृहकर्जाच्या २४ हजारांच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च ५५ हजार, मुलीच्या शिक्षणासाठी १५ हजारांची एसआयपी. अडीनडीसाठी म्हणून ३ लाखांची एफडी. मार्चमध्ये ९० हजारांचा बोनस मिळायचा आहे. दुकानदाराने कोटेशन दिलंय: चारही खोल्यांना दीड टनाचे फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी, फिटिंग आणि दोन एअर प्युरिफायर, सगळं मिळून २ लाख ८० हजार. रोख दिले तर १४ हजार सूट, नाहीतर १८ महिने ‘नो कॉस्ट ईएमआय’. पत्रात विचारलंय, ‘एफडी मोडू की हप्ते घेऊ?’

दोन्ही नको. पण नुसतं ‘नको’ म्हणून नागपूरचा मे महिना सरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हप्त्याचं बघू. २ लाख ८० हजार भागिले १८ म्हणजे महिना साधारण १५,५५०. तुमच्याकडे खर्च आणि एसआयपी जाऊन उरतात १५ हजार. म्हणजे एसी सुरू करायच्या आधीच तुम्ही साडेपाचशेने तुटीत. शिवाय ‘नो कॉस्ट’ हे नावापुरतं. रोखीत मिळणारी १४ हजारांची सूट तुम्ही सोडताय, तीच त्या कर्जाची किंमत. त्यावर प्रोसेसिंग फी आणि बँक कागदोपत्री जे व्याज लावते त्यावर १८ टक्के जीएसटी, तो तुमच्याच कार्डावर येतो. आणि एफडी? तीन लाख म्हणजे तुमच्या घरखर्चाचे साडेपाच महिने. मी सहा महिने सांगतो, तुम्ही आत्ताच थोडे खाली आहात. दम्याचा पेशंट घरात असताना ती एफडी म्हणजे दवाखान्याची ठेव समजा.

आता खरा खर्च. एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आतल्या कॉइलमध्ये द्रवरूप गॅसची वाफ होते तेव्हा तो उष्णता ओढून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो आणि बाहेरच्या युनिटमधून ती उष्णता हवेत जाते. ‘एक टन’ हे या हमालीचं माप. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उचलण्याची ताकद, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. पण दीड टनाचा आकडा बाहेर ३५ अंश असतानाचा असतो. तुमच्याकडे मेमध्ये ४५ असतात. गरम हवेत उष्णता टाकायची म्हणजे चढावर पोतं वाहून नेणं, काम कमी होतं आणि वीज जास्त लागते.

स्टार लेबलवर वर्षाचे जे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांचे. दीड टनाच्या फाइव्ह स्टारला साधारण ७५० युनिट दिसतील, म्हणजे तासाला अर्ध्या युनिटच्याही आत. गच्चीखालच्या खोलीला आणि विदर्भाच्या उन्हाळ्याला मी तासाला ०.८ युनिट धरतो. चार एसी रोज आठ तास चालले तर दिवसाला २५.६ युनिट, महिन्याला ७६८. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, आणि एसीचे युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. वहन आकारासकट १५ रुपये धरा (तुमच्या बिलावरून आकडा बदलून घ्या), तर महिन्याला साडेअकरा हजार. कोटेशनमध्ये ही ओळ नाही, आणि दुकानदाराने ती लिहावी अशी अपेक्षाही नाही.

उलट एकच एसी, आईंच्या खोलीत, रात्री नऊ तास चालवला, तर महिन्याला २१६ युनिट, सव्वातीन हजाराच्या आसपास. बाकी घराला तुमचा जुना कूलर. कूलरला हसू नका. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून जवळपास पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. तासाला दहा लिटर पाणी उडवणारा कूलर त्या हिशोबाने जवळपास दोन टनाचं काम करतो, आणि त्याचा पंखा व पंप मिळून खातात पाव युनिट. हे जमतं ते हवा कोरडी असते म्हणून. मुंबईत हाच कूलर लावला तर घाम आणखी चिकटेल. तुमच्याकडेही जुलैनंतर ताट्या (कूलरच्या गवती जाळ्या) भिजवून उपयोग नाही, तेव्हा एसीच लागेल.

मात्र कूलरच्या बाबतीत दोन ठिकाणी पैसे वाचवायचे नाहीत. लोखंडी बॉडी, ओली फरशी आणि उघडी वायर, यात आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुणाला ना कुणाला शॉक लागतो. अर्थिंग तपासून घ्या आणि ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. दुसरं, ताट्या दरवर्षी नव्या आणि टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासलेली. कुबट वास आला की त्यात बुरशी आहे. दम्याला ती चालत नाही, आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच.

आता त्या दोन प्युरिफायरबद्दल. कोटेशन वाचून मला इथे हसू आलं, कारण तुम्ही पत्रात लिहिलंय की हॉलमध्ये कूलर ठेवणारच. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि खिडकी उघडी असल्याशिवाय तो चालत नाही. त्याच खोलीत प्युरिफायर म्हणजे नळ सुरू ठेवून फरशी पुसणं. एसीची जाळी मोठी धूळ आणि केस अडवते, पीएम २.५ चे, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारे अतिसूक्ष्म कण अडवत नाही, आणि स्प्लिट एसी ताजी हवा आणतही नाही, तीच ती फिरवत राहतो. म्हणून बंद खोलीत झोपणाऱ्या दम्याच्या माणसाला प्युरिफायरचा उपयोग होऊ शकतो, पण तो एकच, आईंच्या खोलीत, आणि तोही त्यांच्या डॉक्टरांना विचारून. घ्यायचाच ठरला तर सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते, हा आकडा बघा. १२ बाय १२ ची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर २०० च्या वरचा सीएडीआर पुरे. आणि घ्यायच्या आधी फिल्टरची किंमत विचारा. दरवर्षी तीन-चार हजारांचा फिल्टर असेल, तर ती वस्तू नसून वर्गणी आहे.

फाइव्ह स्टार की थ्री स्टार? हा प्रश्न लोक दुकानात विचारतात, उत्तर मात्र त्यांच्या घरातल्या घड्याळात असतं. दोन्हींच्या लेबलमध्ये १६०० तासांना साधारण २२० युनिटचा फरक आणि किमतीत साडेआठ हजारांचा फरक धरू. आईंच्या खोलीत उन्हाळा आणि पावसाळ्यातल्या दमट रात्री मिळून ११५० तास होतात. म्हणजे वर्षाला १५८ युनिट, २,३७० रुपये वाचले. साडेतीन वर्षांत वरचे पैसे वसूल, तिथे फाइव्ह स्टारच घ्या. पण पाहुण्यांच्या खोलीत एसी वर्षाला ६० तास चालला, तर वाचतात सव्वाशे रुपये. वसुली ६८ वर्षांनी. तुमची नात हिशोब पूर्ण करेल. आणखी एक, हे स्टारचे निकष सरकार अधूनमधून कडक करतं, त्यामुळे गेल्या हंगामातला पडून राहिलेला फाइव्ह स्टार नव्या निकषात खाली उतरलेला असू शकतो. तारे मोजू नका, लेबलवरचे युनिट वाचा. कोटेशन जुनं असेल तर कराची ओळही बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

टनाच्या मोहात मी स्वतः पडलो आहे. माझ्या पहिल्या ऑफिसच्या १२० चौरस फुटांच्या खोलीला मी दोन टनाचा साधा एसी घेतला, ‘मोठा म्हणजे लवकर गार’ या विक्रेत्याच्या शब्दावर. पाच मिनिटांत खोली गार होऊन कॉम्प्रेसर बंद व्हायचा, दमटपणा तसाच. फायली ओलसर, अशील चादर मागणार, आणि बिल वेगळं.

दुकानदाराने ‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेलसाठी वर सहा हजार मागितलेत, तेही सोडा. यंत्र चांगलं आहे: उलट्या दिशेने चालून ते एका युनिटमध्ये तीन युनिटांइतकी ऊब देतं, साधा हीटर एकच देतो. पण नागपुरात हीटर लावायच्या रात्री वीस धरल्या, तर वाचणार पाच-सहाशे रुपये. हजार-दीड हजारांचा हीटर पुरे.

पहिला खर्च मी सांगेन तो गच्चीवर. रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून आतून छताला हात लावून बघा. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत ओतत असतो, आणि तुमचा एसी पहिले दोन-तीन तास त्याच्याशीच झुंजतो. ९०० चौरस फुटांना पांढऱ्या परावर्तक रंगाचे दोन हात साधारण २७ हजारांत होतील. तेवढंही नको वाटलं तर चुना मारा, फक्त पावसात तो धुऊन जातो. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावा. ऊन काचेच्या आत आल्यावर आतला पडदा फार काही करू शकत नाही.

बोनसचे ९० हजार असे जातील: एसी ४७, फिटिंग ९, अर्थिंग आणि ईएलसीबी ४, गच्ची २७. झाले ८७ हजार. प्युरिफायर डॉक्टरांनी सांगितला तरच, महिन्याच्या उरलेल्या पंधरा हजारांतून. पुढच्या वर्षी छतावर सोलरचा विचार करा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि तेवढे पॅनेल दिवसाला बारा-एक युनिट देतात. तेव्हा दुसऱ्या खोलीच्या एसीवर पुन्हा बोलू. गच्ची रंगवणं मात्र पॅनेल बसायच्या आधी उरका, नंतर खाली हात पोचत नाही.

आणि फिटिंगवाला येईल तेव्हा बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर लावू देऊ नका. पाइप चार फूट कमी लागतो म्हणून तो तीच भिंत सुचवेल. चार फुटांचे पैसे द्या आणि उत्तरेच्या सावलीत बसवून घ्या.