‘सुटला’ म्हणजे नक्की काय झालं? नानावटी खटल्यातून कायद्याची इंग्रजी

मागच्या सदरात मी खानदेशातल्या वाचकांना नानावटी खटल्याचं निकालपत्र मुळातून वाचा म्हटलं होतं. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचे प्रियकर प्रेम अहुजा यांना गोळ्या घालून ठार केलं, तो हा खटला. पत्रं बरीच आली. त्यातली काही घेतो.

सर, मी धुळ्याला लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षण मराठी माध्यमातून. शब्दकोशातून रोज शब्द उतरवते आणि आठवड्यात विसरते. खटल्यातून शब्द शिकायचे म्हणजे काय करायचं?

आधी घटनाक्रम मराठीत, स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. फिर्याद, अटक, आरोपपत्र, साक्षी, निकाल, अपील. मग एकेका टप्प्यासमोर इंग्रजी शब्द मांडा, पण एकटा नाही, त्याच्या क्रियापदासकट. चार्ज ‘फ्रेम’ होतो, बेल ‘ग्रँट’ होते, शिक्षा ‘अवॉर्ड’ होते, कन्व्हिक्शन ‘अपहोल्ड’ होतं नाहीतर ‘सेट असाइड’ होतं. नाम पाठ असूनही वाक्य अडतं ते क्रियापदाशीच. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २४ नोव्हेंबर १९६१ चा आहे आणि न्या. सुब्बाराव यांनी लिहिलेला आहे. वाक्यं लांबलचक आहेत. घटनेच्या वर्णनापासून सुरुवात करा, कलमांची चर्चा नंतर.

खून आणि सदोष मनुष्यवध यांत फरक काय? माणूस तर दोन्हीकडे मरतोच. ‘ग्रेव्ह अँड सडन प्रोव्होकेशन’ वाचलं, पण डोक्यात शिरलं नाही. (अमळनेर)

तो या खटल्याचा गाभाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘कल्पेबल होमिसाइड’ हे मोठं वर्तुळ, ‘मर्डर’ त्याच्या आतलं. कायद्यानं काही अपवाद दिलेत. त्यातल्या एखाद्यात कृत्य बसलं की ते आतल्या वर्तुळातून बाहेर येतं आणि शिक्षा कमी होते. पहिला अपवाद गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा. ‘ग्रेव्ह’ आणि ‘सडन’ यांमधला ‘अँड’ सोडू नका. दोन्ही हवेत, आणि त्या भरात माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला हवा.

आता दुपार डोळ्यांसमोर आणा. पत्नीनं घरी संबंधांची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना मोटारीतून मेट्रो सिनेमापाशी सोडलं. मग ते जहाजावर गेले, खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. अहुजांच्या ऑफिसात गेले, ते तिथे नव्हते म्हणून त्यांच्या घरी गेले. घरातून निघाले दीडच्या सुमारास, गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांनी. न्यायालय म्हणालं, ताबा परत मिळवायला जवळपास तीन तास पुरेसे होते. प्रक्षोभ गंभीर होता हे मान्य केलं तरी या मधल्या वेळानं अपवादाचा आधार गेला.

मोजमाप कोणाचं लावायचं? ‘रीझनेबल मॅन’चं. तो आरोपीच्याच समाजथरातला, त्याच परिस्थितीत सापडलेला सामान्य माणूस. नुसते शब्द किंवा हावभावही कधी प्रक्षोभक ठरू शकतात, हेही याच निकालात आहे. आपल्याकडे बांधावरच्या भांडणातून खून पडतो तेव्हा बचाव पक्ष याच परिच्छेदाकडे वळतो. आणखी एक शब्द सोबत घ्या, ‘बर्डन ऑफ प्रूफ’. झटापटीत चुकून गोळी सुटली, हा नानावटींचा मुख्य बचाव होता. अपवाद जो सांगतो, तो सिद्ध करायचा भारही त्याच्यावरच असतो.

ज्युरीनं सोडलं होतं ना? मग न्यायाधीशानं ज्युरीला ‘पर्व्हर्स’ का म्हटलं? विकृत म्हणाले की काय? (भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी)

विकृत नाही हो! पुराव्याकडे पाहता कोणीही समंजस माणसं ज्या निष्कर्षावर येणार नाहीत, त्याला कायद्यात ‘पर्व्हर्स’ म्हणतात. ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते सांगणारं सामान्य नागरिकांचं मंडळ. त्यातले नऊपैकी आठ ज्यूरर नानावटींच्या बाजूनं होते. ज्युरी देते तो ‘व्हर्डिक्ट’, न्यायाधीश देतो ते ‘जजमेंट’. सत्र न्यायाधीश मेहता यांनी व्हर्डिक्ट मानला नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे ‘रेफर’ केलं. तिथे जन्मठेप झाली. या खटल्यानंतर लगेच देशभरातली ज्युरी बंद झाली असं सर्रास सांगतात, पण काही ठिकाणी ती नंतरही चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ती उरली नाही.

जाता जाता, ‘अक्विटल’ आणि ‘डिस्चार्ज’ दोन्हींना आपण ‘सुटला’ म्हणतो. पहिलं खटला पूर्ण चालल्यावर, दुसरं आरोप निश्चित होण्याआधीच. बातम्या लिहिणाऱ्यांनी तरी एवढं पाळावं.

राज्यपालांनी माफी दिली की शिक्षा स्थगित केली? दोन ठिकाणी दोन गोष्टी वाचल्या. (शहादा)

दोन्ही खऱ्या, फक्त वर्षं वेगळी. उच्च न्यायालयाचा निकाल आला त्याच दिवशी, ११ मार्च १९६० ला, राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा ‘सस्पेंड’ केली. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबरमध्ये सांगितलं की अपील आमच्यापुढे असताना ही स्थगिती चालणार नाही. पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी दिला तो ‘पार्डन’. राज्यघटनेच्या १६१ व्या अनुच्छेदात हे शब्द शेजारी शेजारी आहेत. ‘रेमिशन’मध्ये शिक्षेचा काळ घटतो, ‘कम्युटेशन’मध्ये शिक्षेचा प्रकारच बदलतो, जसं फाशीची जन्मठेप. मराठीत सगळ्यांना ‘माफी’ म्हणून मोकळं होता येतं, अर्ज लिहिताना नाही.

आता भारतीय न्याय संहिता आली. ३०२ शिकून उपयोग काय? (चाळीसगाव)

१ जुलै २०२४ पासून खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये, व्याख्या आणि अपवाद १०१ मध्ये. आकडे बदलले, शब्द तेच राहिले. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०२ खालीच चालू आहेत. दोन्ही लक्षात ठेवा.

मी पारोळ्यात वकिलांकडे कारकून आहे. साक्षीदार अहिराणीत बोलतात. ‘मी दखं नही, माले सांगं’ याचं इंग्रजी अपिलाच्या कागदांत कसं करायचं?

‘आय डिड नॉट सी इट. आय वॉज टोल्ड.’ बस, एवढंच. ‘आय अंडरस्टँड दॅट’ वगैरे सजावट केलीत तर साक्षीदाराचं म्हणणंच बदलतं. ऐकीव साक्षीला ‘हिअरसे’ म्हणतात आणि न्यायालय सहसा ती धरत नाही.

पण सांगणारा खुद्द आरोपी असेल तर गोष्ट वेगळी. गोळ्या झाडल्यावर नानावटी नौदलाच्या प्रोव्होस्ट मार्शलकडे, म्हणजे शिस्तपालन पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेले आणि आपण एका माणसाला गोळी घातली असावी असं म्हणाले. तो अधिकारी पोलिस नव्हता, म्हणून त्याला दिलेली कबुली ‘एक्स्ट्रा-ज्युडिशिअल कन्फेशन’, म्हणजे न्यायालयाबाहेरची कबुली, ठरू शकते. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. म्हणून ‘माले सांगं’ आलं की कोणी सांगितलं ते जबानीत शोधा. नाव असेल तर इंग्रजीत आणा, नसेल तर आपल्या मनानं घालू नका. कर्ता मोकळा राहिला तरी चालेल. वकिलांना मात्र समासात पेन्सिलनं खूण करून दाखवा.